दूरच्या वर्गाची जवळची तयारी : भंडारा जिल्ह्यातील घरबसल्या उच्च शिक्षणाचा इतिहास

रोज कॉलेजात न जाता पदवी मिळवण्याचा मार्ग भंडारा जिल्ह्यात ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या कितीतरी आधीपासून आहे. आधी खासगीरीत्या परीक्षेला बसणारे विद्यार्थी होते. मग टपालाने येणारी पुस्तके आली, त्यानंतर मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे, संगणकाचे वर्ग आणि शेवटी मोबाइलच्या पडद्यावरची व्याख्याने. दर टप्प्याला साधन बदलले. शिकणाऱ्याला करावी लागणारी तयारी मात्र फारशी बदलली नाही. अभ्यासाची वेळ राखणे, बसायला जागा मिळवणे, अडल्यावर विचारता येईल असे माणूस शोधणे आणि वाचून लिहिण्याची सवय लावणे या चार गोष्टी ज्यांना जमल्या, ते प्रत्येक काळात टिकले.

जिल्ह्याची रचना पाहिली की या मार्गाची गरज ध्यानात येते. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके वैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ आणि साक्षरता ८३.७६ टक्के होती. शहरी वस्ती जेमतेम १९.४८ टक्के होती. म्हणजे दर पाच माणसांतली चार माणसे खेड्यात राहत होती. विद्यापीठाचे शहर नागपूर जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. लाखांदूर किंवा साकोलीच्या टोकाच्या गावांना ते याहून बरेच दूर पडते. धान हे इथले मुख्य पीक. पऱ्हे टाकण्यापासून रोवणीपर्यंतचे आणि पुढे कापणी-मळणीचे दिवस घरातल्या प्रत्येक हाताला बांधीत ओढून घेतात. उच्च शिक्षणाची वाट या दोन गोष्टींनी, अंतराने आणि हंगामाने, ठरत आली आहे.

परीक्षा आधी, शिक्षण नंतर

हिंदुस्थानातील पहिली आधुनिक विद्यापीठे १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे स्थापन झाली. ती मुख्यतः परीक्षा घेणारी होती. शिकवण्याचे काम संलग्न कॉलेजे करत. लंडन विद्यापीठाने तर १८५८ पासून कोणत्याही कॉलेजात नाव नसलेल्या उमेदवारालाही पदवी परीक्षेला बसण्याची मुभा दिली. अभ्यास कुठे आणि कसा केला हे न पाहता परीक्षेत काय उतरले ते पाहायचे, ही बहिःस्थ परीक्षेची कल्पना तिथून रुजली.

भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. या भागाला जवळची कॉलेजे नागपुरात मिळाली. हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये आणि मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये सुरू झाले. पण त्यांचे विद्यापीठ आधी कलकत्त्यात आणि नंतर अलाहाबादेत होते. म्हणजे भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याला शिकायला नागपूर गाठावे लागे आणि त्याच्या पदवीचा निकाल आणखी शेकडो मैलांवर ठरे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, सर बिपिनकृष्ण बोस त्याचे पहिले कुलगुरू झाले आणि विद्यापीठ एका दिवसाच्या प्रवासात आले. २००५ मध्ये या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ निघाले तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली त्याच्याकडे गेले. भंडारा नागपूरकडेच राहिला.

घर सोडून नागपुरात राहण्याचा खर्च पेलणारी कुटुंबे थोडी होती. मुलींच्या वाट्याला ही संधी फारच क्वचित येई. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या महिला विद्यापीठाने घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची सवलत दिली होती, ती याच अडचणीवरचा उपाय म्हणून. पुढे शालेय पातळीवर 'सतरा नंबरचा फॉर्म' महाराष्ट्रभर परिचित झाला. शाळा सुटलेला मुलगा किंवा लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी हा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी-बारावीला बसू लागली. पदवीच्या दारापर्यंत पोचण्याची ही पहिली पायरी आजही वापरात आहे.

या मार्गात शिक्षक जवळजवळ नव्हताच. तयारी म्हणजे उसने आणलेले पाठ्यपुस्तक, गाईड, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि गावातला एखादा मास्तर. पुस्तक हातात असूनही ते कसे वाचायचे, टिपण कसे काढायचे आणि उत्तर कसे बांधायचे हे सांगणारे कोणी नसल्यामुळे अनेकांची वर्षे वाया गेली. दूरशिक्षणाच्या पुढच्या साऱ्या प्रयोगांनी हीच उणीव भरून काढायचा प्रयत्न केला.

कॉलेज तालुक्यापर्यंत

स्वातंत्र्यानंतर कॉलेजे जिल्ह्यात आली. या कामात मनोहरभाई पटेल यांचे नाव अग्रभागी आहे. १९०६ मध्ये गुजरातमधील नडियाद येथे जन्मलेल्या मनोहरभाईंचे स्वतःचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नव्हते. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिच्यामार्फत गावोगाव शाळा व मोठ्या गावांत कॉलेजे उभी केली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. तो वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. भंडाऱ्यात जे. एम. पटेल महाविद्यालय, तुमसरला सेठ नरसिंगदास मोर महाविद्यालय, साकोलीला मनोहरभाई पटेल महाविद्यालय आणि लाखनीला समर्थ महाविद्यालय अशी कॉलेजांची साखळी तयार झाली.

तरीही एक मोठा वर्ग बाहेर राहिला. जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, विड्या वळणारी घरे, मोहाडी तालुक्यातील कोशाचे विणकर आणि सगळ्यांत मोठा धानशेतीवरचा समाज यांतल्या कामकरी माणसाला सकाळी अकरा ते पाच वर्गात बसणे अशक्य होते. नोकरीला लागलेल्या प्राथमिक शिक्षकाची, ग्रामसेवकाची, पोलिसाची आणि संसारात गुंतलेल्या बाईचीही हीच गत होती. कॉलेजची इमारत जवळ आली, पण तिची वेळ त्यांच्या दिवसात बसत नव्हती.

टपालाचा वर्ग

या अडचणीवर देशात पहिला मोठा उपाय झाला तो टपालाने शिकवण्याचा. १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९७१ मध्ये मुंबई विद्यापीठाने तसाच विभाग उघडला. त्याच वर्षी ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात प्रत्यक्ष अध्यापन सुरू झाले. छापील पाठ, रेडिओ-दूरचित्रवाणी आणि स्थानिक मार्गदर्शक यांची सांगड हे त्याचे वैशिष्ट्य होते. भारतात १९८२ मध्ये हैदराबादला पहिले राज्य मुक्त विद्यापीठ आणि १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. दोन्हींचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी होते.

टपालाच्या वर्गाने शिक्षणातले एक महत्त्वाचे सूत्र शिकवले. पाठ शिक्षकाच्या तोंडून ऐकायचा नसेल, तर तो कागदावर वेगळ्या रीतीने लिहावा लागतो. उद्दिष्टे आधी, मग लहान लहान घटक, प्रत्येक घटकानंतर स्वतःला तपासण्याचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतील छोटे व्हिडिओ आणि त्यांच्या पाठीमागून येणाऱ्या चाचण्या याच रचनेतून निघालेल्या आहेत.

ज्ञानगंगा घरोघरी

महाराष्ट्रात या विचाराला पूर्ण रूप आले ते १९८९ मध्ये. राज्य विधिमंडळाच्या कायद्याने १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषवलेले डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे विद्यापीठाचे ब्रीद. राज्यभर विभागीय केंद्रे नेमून त्यांच्याखाली अभ्यासकेंद्रांचे जाळे विणले गेले. भंडारा जिल्ह्याचा कारभार नागपूर विभागीय केंद्राकडे आला.

अभ्यासकेंद्रासाठी नवी इमारत बांधायची नाही, असलेल्या कॉलेजाचे किंवा शाळेचे वर्ग सुटीच्या दिवशी वापरायचे, अशी ही योजना होती. तिथे 'समंत्रक' शिक्षक ठरावीक दिवशी संपर्कसत्र घेत. समंत्रकाने व्याख्यान द्यावे अशी अपेक्षा नव्हती. विद्यार्थ्याने पुस्तक वाचून यावे आणि अडले ते विचारावे, असा संकेत होता. मराठीतील स्वयंअध्ययनाची पुस्तके ही विद्यापीठाची मोठी देणगी ठरली. इतिहास, अर्थशास्त्र, व्यवस्थापन, शिक्षणशास्त्र, शेती अशा विषयांचे पद्धतशीर मराठी लेखन त्यांतून खेड्यापाड्यांत पोचले.

या विद्यापीठाचा विशेष म्हणजे 'पूर्वतयारी शिक्षणक्रम'. बारावी न झालेल्या प्रौढाला थेट पदवीच्या अभ्यासात ढकलले तर तो बुडेल, हे ओळखून भाषा, आकलन आणि मूलभूत विषयांची काही महिन्यांची तयारी करून घेणारा हा शिक्षणक्रम आखला गेला. त्यात उत्तीर्ण झालेल्याला पदवीचे दार उघडत असे. दूरच्या शिक्षणात टिकण्यासाठी तयारी स्वतंत्रपणे शिकवावी लागते, याची ही संस्थेने दिलेली कबुली होती. प्रवेशाचे नियम पुढे बदलत गेले, पण त्यामागचे तत्त्व आजही तितकेच खरे आहे.

सेवेतील शिक्षकांसाठी चाललेल्या बी.एड. शिक्षणक्रमाचा लाभ राज्यभरातील शिक्षकांना झाला. नोकरी न सोडता पदवी घेता येत असल्याने वेतनश्रेणी आणि बढतीची वाट मोकळी झाली. शेती विद्याशाखेने माळीकामासारखे छोटे शिक्षणक्रमही चालवले. या सगळ्यांत यश कोणाला आले याचे उत्तर अभ्यासकेंद्राच्या व्यवहारात दिसते. गृहपाठ वेळेवर देणारे, संपर्कसत्राला येणारे आणि दोघा-चौघांच्या गटाने अभ्यास करणारे विद्यार्थी परीक्षेपर्यंत पोचत. पुस्तकांचा गठ्ठा घेऊन घरी गेलेले आणि थेट परीक्षेलाच उगवणारे बहुधा गळत.

पडदा आणि संगणक

छापील पानाच्या जोडीला पडदा आला तो १९८४ मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षी दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. २००० मध्ये ज्ञानदर्शन वाहिनी आली आणि २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' उपग्रह अवकाशात गेला. खेड्यात मात्र भारनियमनाने या साधनांचा जीव घेतला. कार्यक्रमाच्या वेळेला वीज असेलच याची खात्री नसे, आणि चुकलेला पाठ पुन्हा पाहण्याची सोय नव्हती.

संगणकाची खरी ओळख ग्रामीण महाराष्ट्राला झाली ती एमएस-सीआयटीमुळे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत नेला. शासकीय नोकरीसाठी संगणक साक्षरता आवश्यक ठरल्याने तरुणांबरोबर वयस्क कर्मचारीही या वर्गांना बसले. माउस धरणे, फाइल जतन करणे, ई-मेल पाठवणे आणि पडद्यावर परीक्षा देणे या गोष्टी एका पिढीने तिथे शिकल्या. नाव घेऊन कोणी तसे म्हटले नसले, तरी ऑनलाइन महाविद्यालयाची ही पहिली सार्वत्रिक पूर्वतयारी होती.

त्याच सुमारास उच्च शिक्षणाची इंटरनेटवरची सामग्री तयार होऊ लागली. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने मिळून २००३ पासून 'एनपीटीईएल' प्रकल्पात अभियांत्रिकीची व्याख्याने चित्रित केली. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुरू झाले. चित्रित व्याख्यान, वाचनसामग्री, चर्चेची जागा आणि स्वयंचाचणी असे त्याच्या अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत. इंटरनेट नसलेल्या घरांसाठी 'स्वयम् प्रभा' वाहिन्यांचा संच जोडला गेला. आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइल डेटा स्वस्त झाला होता, त्यामुळे व्हिडिओ पाहणे आवाक्यात आले.

सामग्री फुकट मिळते म्हणून शिक्षण पूर्ण होते, असे मात्र घडले नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी एडेक्स या ऑनलाइन व्यासपीठावर २०१२-१३ मध्ये चालवलेल्या पहिल्या अभ्यासक्रमांना आठ लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या. प्रमाणपत्रे सुमारे ४३ हजार, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास, दिली गेली. जगातल्या नामवंत संस्थांचा हा अनुभव मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीला पुष्टी देतो. नाव नोंदवणे सोपे असते, शेवटपर्यंत जाणे तयारीवर अवलंबून असते.

२०२० : टाळेबंदी आणि पूर

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि सगळी कॉलेजे एकाच वेळी ऑनलाइन झाली. ही निवड नव्हती, सक्ती होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशातील ग्रामीण घरांपैकी केवळ ४.४ टक्के घरांत संगणक आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. भंडाऱ्यासारख्या ग्रामीण जिल्ह्यात वर्ग म्हणजे बहुधा घरातला एकच मोबाइल ठरला. तोही वडिलांसोबत कामावर जाणारा किंवा भावंडांत वाटला जाणारा.

त्यातच ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. धरणांतून सोडलेल्या पाण्याने भंडारा शहराच्या वस्त्या आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. पवनी-लाखांदूरच्या बाजूलाही शेती आणि घरांचे अतोनात नुकसान झाले. त्याच आठवड्यात, २८ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असा निर्णय दिला. नागपूर विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये त्या परीक्षा मोबाइलवर, बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात घेतल्या. पुरातून सावरणाऱ्या घरातला विद्यार्थी पहिल्यांदाच पदवीची परीक्षा हातातल्या पडद्यावर देत होता.

या काळाने दोन गोष्टी ठसवल्या. एक, शिक्षकाचे बोलणे तसेच्या तसे व्हिडिओवर चढवले की ऑनलाइन अभ्यासक्रम होत नाही. टपालाच्या आणि मुक्त विद्यापीठाच्या परंपरेने कमावलेली पाठरचना त्यासाठी लागते. दोन, साधन, जागा आणि सोबत यांची व्यवस्था नसेल तर सर्वांत हुशार विद्यार्थीही मागे पडतो.

नियमांची नवी चौकट

टाळेबंदीनंतर ऑनलाइन शिक्षण तात्पुरत्या सोयीतून नियमित व्यवस्थेत आले. २९ जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला पाठबळ दिले. सप्टेंबर २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे एकत्रित विनियम काढले. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानली गेली. वैद्यक, अभियांत्रिकी, परिचर्या यांसारख्या प्रात्यक्षिकप्रधान पदव्या मात्र या मार्गाने मिळू शकत नाहीत. २०१६ च्या नियमांनुसार 'स्वयम्'वरून २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेता येत. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. त्याच वर्षी श्रेयांक साठवणारी शैक्षणिक पेढी सुरू झाली. २०२४ पासून दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी आयोगाच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्याने स्वतःचा ओळख क्रमांक घेणे बंधनकारक झाले.

या चौकटीमुळे तयारीत एक नवा भाग आला, तो कागदपत्रांचा. संस्थेला त्या वर्षासाठी आणि त्या अभ्यासक्रमासाठी आयोगाची मान्यता आहे का हे प्रवेशाआधी पाहणे आवश्यक ठरले. आधार, गुणपत्रिका आणि मोबाइल क्रमांक यांवरील नावे जुळत नसतील तर नोंदणी अडते, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना हा त्रास विशेष होतो. पूर्वी सतरा नंबरचा फॉर्म शाळेत भरला जाई. आता ही कामे गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रावर होतात.

इतिहासातून उरलेली शिकवण

दीडशे वर्षांच्या या वाटचालीतून जिल्ह्यातल्या आजच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल असा तयारीचा क्रम मांडता येतो. पहिली गोष्ट वेळापत्रकाची. अभ्यासक्रमाची सत्रे देशाच्या पंचांगाने चालतात, धानाच्या नाही. जुलै-ऑगस्टची रोवणी आणि दिवाळीच्या आगेमागे येणारी कापणी या दिवसांत किती तास मिळतील याचा हिशेब प्रवेश घेतानाच करावा लागतो. त्या हंगामात एक-दोनच विषय घेऊन उरलेले पुढच्या सत्रात घेणे शहाणपणाचे. एनपीटीईएलसारख्या अभ्यासक्रमात दर आठवड्याचे गृहपाठ २५ टक्के आणि अंतिम परीक्षा ७५ टक्के गुणांची असते. आठवडे चुकत गेले की गुण जातात, शिवाय पुढचा पाठ समजायचाही राहतो.

दुसरी गोष्ट भाषेची. स्वयम्वरील बरीच सामग्री इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने आधी त्याच विषयाचे मराठी पुस्तक वाचून घेतले तर व्याख्यान निम्मे सोपे होते. मुक्त विद्यापीठाची जुनी स्वयंअध्ययन पुस्तके यासाठी आजही हाताशी ठेवण्याजोगी आहेत. तिसरी गोष्ट लिहिण्याची. व्हिडिओ नुसता पाहिला तर समजल्याचा भास होतो. तो थांबवून वहीत टिपण काढले आणि दुसऱ्या दिवशी न पाहता उत्तर लिहून पाहिले, तर काय अडले ते कळते.

चौथी गोष्ट जागा आणि सोबत. भंडारा, तुमसर, साकोली अशा गावांत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने १९६७ पासून अनुदानित वाचनालयांची परंपरा राज्यात आहे. वीज, शांतता आणि इंटरनेट एका ठिकाणी मिळाले आणि एकाच अभ्यासक्रमाचे तिघे-चौघे आठवड्यातून एकदा एकत्र बसले, तर रविवारचे संपर्कसत्र नव्या रूपात पुन्हा उभे राहते.

ही शेवटची गोष्ट विद्यार्थ्याच्या एकट्याच्या हातातली नाही. १९८९ नंतर तालुक्याच्या कॉलेजाने आपले वर्ग रविवारी उघडे ठेवले, म्हणून कामकरी माणूस पदवीधर होऊ शकला. आज ग्रामपंचायत, वाचनालय आणि कॉलेज यांनी संध्याकाळी एक खोली, वीज, इंटरनेट आणि आठवड्यातून एकदा शंका सोडवणारा एक शिक्षक एवढी व्यवस्था केली पाहिजे. भंडारा जिल्ह्यात दूरचे शिक्षण जेव्हा जेव्हा यशस्वी झाले, तेव्हा जवळ कोणीतरी दार उघडून बसलेले होते.